जखमेकडे वळणारी जीभ

खोक्यावरची चिकटपट्टी कापताना पाते निसटले आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या पेरावर एक पांढरी रेघ उमटली. रक्त यायला अजून क्षणभर अवकाश होता. त्या क्षणात मी काय केले हे मला नंतर आठवून पाहावे लागले, कारण मी ते ‘केले’ असे म्हणण्याइतका विचार मध्ये आलाच नव्हता. बोट तोंडात गेले होते. जिभेला लोखंडासारखी चव लागली, चीर कुठून कुठपर्यंत गेली आहे हे जिभेनेच आधी चाचपून घेतले, आणि डोळ्यांना पाहायची संधी त्यानंतर मिळाली. नळ चार पावलांवर होता, नळाशेजारी साबण होता, तरी हाताने जवळची वाट धरली.

याचे मला नवल वाटायचे कारण असे की, जखम चाटण्याच्या बाबतीत मी अजाण नाही. दोन वर्षांपूर्वी घरातल्या एका आजारपणामुळे या विषयावर मिळेल ते मी वाचून काढले होते, ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावले होते, आणि तेव्हापासून चारचौघांत त्यावर बोलण्याची संधी मी सहसा सोडत नाही. ते आजारपण माझ्या काकांचे. त्याच्याकडे पुढे येईनच. पण इतके सगळे डोक्यात भरलेले असूनही बोटाने माझे काही ऐकले नाही, आणि त्यामुळे आधी बोटाचीच बाजू समजून घ्यावी असे मला वाटले.

जखम तोंडात धरली की बरे वाटते, हे खोटे नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेविषयी एक उपपत्ती मांडली. तिच्यानुसार स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूपाशी वेदनेच्या आड येतात आणि तिची वाट काही अंशी अडवतात. ठेच लागली की आपण अंगठा गच्च धरतो, कोपर आपटले की चोळतो, त्यामागचा हिशेब हाच. बोट तोंडात गेले की त्याला ऊब मिळते, ओल मिळते, ओठांचा दाब मिळतो, आणि रक्त डोळ्यांआड होते. यातला शेवटचा लाभ वैद्यकाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण माझ्यापुरता तो मोठा आहे.

लाळेत औषध असते, हेही पूर्णपणे खोटे नाही. गाल दाताखाली सापडून चावला जातो, तेव्हा डोळ्यांत पाणी येते, तोंडात रक्ताची चव पसरते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीभ तिथे पुन्हा पुन्हा जाऊन शोधते तर काही सापडत नाही. तेवढीच जखम गुडघ्यावर झाली असती तर खपली धरली असती, खाज सुटली असती, नखाने ती दोनदा उचकटली गेली असती आणि मागे व्रण राहिला असता. तोंडातल्या जखमा लवकर आणि बहुधा खुणेशिवाय भरतात. याचे सगळे श्रेय लाळेचे नाही. तोंडाच्या आतल्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिच्या पेशी झपाट्याने बदलत असतात. पण लाळेचाही त्यात वाटा आहे, आणि तो कोणता हे शोधण्यात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वर्षे घालवली आहेत.

१९२१ सालच्या नोव्हेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. पेनिसिलिनचा त्यांचा शोध अजून सात वर्षे दूर होता. त्यांनी आपल्याच नाकातला स्राव जंतू वाढवायच्या ताटलीवर टाकून पाहिला, आणि ताटलीवरचे काही जंतू त्या स्रावाजवळ चक्क विरघळून गेलेले त्यांना दिसले. तोच गुण त्यांना अश्रूंत आढळला, लाळेत आढळला, अंड्याच्या पांढऱ्या भागातही आढळला. अश्रू पुरेनात म्हणून प्रयोगशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळण्यापर्यंत मजल गेली होती, असे सांगतात. या द्रव्याला त्यांनी लायसोझाइम असे नाव दिले आणि १९२२ साली शोध जाहीर केला. एवढे वाचून आपली जीभ म्हणजे चालता-बोलता औषधालयच, असे कोणालाही वाटेल. मेख पुढे आहे. लायसोझाइमने जे जंतू सहज विरघळत होते ते बव्हंशी निरुपद्रवी होते. माणसाला खरोखर आजारी पाडणाऱ्या बऱ्याचशा जंतूंवर त्याची मात्रा फारशी चालत नव्हती. थोडा विचार केला तर हे असेच असायला हवे, हेही लक्षात येते. अश्रू, शेंबूड आणि लाळ यांना जो जंतू पुरून उरतो तोच रोग करण्याइतका आत पोचतो. आपल्या जिभेवरचे औषध ज्यांना मारते त्यांची आपल्याला भीती नसते, आणि ज्यांची भीती असावी त्यांनी या औषधाशी कधीच जमवून घेतलेले असते. मला तरी जखम चाटण्याच्या सगळ्या प्रकरणाचे सार या एका ताटलीत दिसते.

उंदरांची गोष्ट लाळेला अधिक अनुकूल आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींतून काढलेला अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी दिवस आधी उघडले. पेशींची वाढ वेगाने घडवून आणणारे काहीतरी त्या अर्कात होते. त्या वाटेवरच्या संशोधनासाठी कोहेन आणि रीटा लेवी-मोंताल्चिनी यांना १९८६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाळग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या पाठीवरच्या जखमा सावकाश आकसतात, हेही प्रयोगांनी दाखवले गेले आहे. माणसाच्या लाळेतल्या हिस्टॅटिन या लहान प्रथिनांविषयी २००८ साली नेदरलंड्समधल्या संशोधकांनी लिहिले. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर त्यांनी ओरखडा काढला आणि त्यावर लाळ घातली, तेव्हा सोळा तासांत तो ओरखडा जवळजवळ बुजला. लाळ न घातलेल्या बशीतला उघडाच राहिला.

हे सगळे मी मुद्दाम सविस्तर सांगत आहे. जखम चाटणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, असे हात झटकून सांगणारे लोक मला पटत नाहीत. त्यांनी गालाच्या आतली जखम कधी लक्ष देऊन पाहिलेली नसते. पण बशीतला तो ओरखडा आणि माझे बोट यांत एक फरक आहे, आणि सगळा घोटाळा त्या फरकात आहे. बशीत पेशी असतात, लाळेतले द्रव्य असते आणि तिसरे कोणी राहणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतलेली असते. जीभ मात्र ते द्रव्य निवडून वेगळे काढून देत नाही. औषधाची एक पुडी मागवावी आणि पुडी घेऊन येणाऱ्याच्या मागोमाग बाजारातली सगळी गर्दी घरात शिरावी, तसा हा प्रकार होतो.

गर्दी हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. माणसाच्या तोंडात जंतूंच्या सुमारे ७०० जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि एक मिलिलिटर लाळेत साधारण दहा कोटी जंतू असतात. निरोगी, दोन वेळा दात घासणाऱ्या, पाहुण्यांसमोर हसायला न लाजणाऱ्या माणसाच्या लाळेविषयी मी बोलत आहे. ही सगळी वस्ती तोंडात गुण्यागोविंदाने राहते, कारण तिथली व्यवस्था तिच्या अंगवळणी पडलेली असते. लाळ अखंड वाहत असते, आपण ती गिळत असतो, गिळलेले जंतू जठरातल्या आम्लात जातात, आणि कातडीखाली पहाऱ्याला बसलेल्या पेशी या शेजाऱ्यांना ओळखून असतात. बोटाच्या पेरात यातले काहीच नसते. तिथे कातडीखाली अगदी थोड्या अंतरावर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, असतो आणि त्याभोवती एक अरुंद, बंद म्यान असते. तिच्यात पू धरला तर त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तो म्यानेच्या लांबीने पसरत जातो. बोट तांबडे होऊन नुसते ठणकणे आणि बोट सरळ करताच जीव कळवळणे यांत अंतर आहे, असे मला एका अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले होते. दुसरी अवस्था दिसली तर ते उद्याची वाट पाहत नाहीत.

या वस्तीतल्या एका जंतूचे नाव मला पाठ झाले आहे, कारण ते उच्चारायला मजा वाटते आणि अर्थ कळल्यावर वाटत नाही. आयकेनेला कोरोडेन्स. यातला ‘कोरोडेन्स’ म्हणजे कुरतडणारा. जंतू वाढवायच्या घट्ट रसावर तो वाढला की त्याच्या ठिपक्यांखाली खळगे पडतात, आणि त्या ताटलीला कपडे पांढरे करायच्या द्रावणासारखा वास येतो. हिरड्यांच्या कडेला तो वर्षानुवर्षे गप्प बसून राहतो. मारामारीत एकाची मूठ दुसऱ्याच्या दातांवर आदळते आणि बोटांच्या सांध्यावर बारीकशी चीर पडते, त्या जखमांत हा जंतू हमखास शोधला जातो, कारण त्या फार वाईट चिघळतात. पण त्याला मारामारीच लागते असे नाही. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका मधुमेही माणसाची हकिगत छापून आली होती. सायकलचा किरकोळ अपघात झाला, अंगठ्यातून रक्त आले, त्याने अंगठा चाटला. पुढे त्या अंगठ्यात आयकेनेलाचा संसर्ग झाला आणि अखेर अंगठा कापावा लागला. काट्याचा नायटा होणे म्हणतात ते हेच. शिवाय या जंतूला नेहमीच्या काही गोळ्या दाद देत नाहीत, म्हणून जखमेला तोंड लागले होते हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे असते. नेमके तेच सांगायला लोक लाजतात, किंवा अधिक खरे सांगायचे तर, त्यांच्या ते लक्षातच नसते. माझेही बोट तोंडात गेले तेव्हा मला कुठे कळले होते?

तोंड आणि उघडी जखम यांनी एकमेकांपासून दूर राहावे, हे शल्यचिकित्सकांना १८९७ सालीच पटले होते. त्या सुमारास तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाव इथे कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिले की, माणूस नुसता बोलला तरी त्याच्या तोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून जंतू बाहेर पडतात. त्याच गावातले शल्यचिकित्सक योहान फोन मिकुलिच यांनी हे मनावर घेतले आणि तोंडाला जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. आज रुग्णालयात दिसणारी मुखपट्टी तिथून आली. ती बांधताना आजारी माणसापासून डॉक्टरचे रक्षण व्हावे हा विचार नव्हता; डॉक्टरच्या लाळेपासून जखमेचे रक्षण करायचे होते. सव्वाशे वर्षांमागे बोलताना उडणाऱ्या थेंबांनाही जखमेजवळ बंदी झाली, आणि आपण अजून सबंध जीभ तिथे नेतो. मूल पडले की त्याच्या गुडघ्यावर आपण फुंकर घालतो आणि पापाही घेतो. फुंकर थोडी लांबून घातली तर निभावते, पण ओठावर ज्वरफोड उठलेला असताना घेतलेला पापा निभावेलच असे नाही. तो फोड आणणारा विषाणू खरचटलेल्या कातडीतून सहज आत जातो. अंगठा चोखणाऱ्या मुलांना आणि उघड्या हाताने काम करणाऱ्या दंतवैद्यांना बोटावर झोंबणारे फोड येत, ते त्याचेच.

आता काकांविषयी.

काकांना मधुमेह वीस वर्षांचा, आणि मोत्या हा त्यांचा कुत्रा सात वर्षांचा. संध्याकाळी काका आरामखुर्चीत पाय पसरून बसत आणि मोत्या त्यांच्या पावलांशी पडून राही. काकांच्या उजव्या टाचेला भेगा होत्या. त्यांतली एक खोल होती आणि कधी कधी ओलसर दिसे. मोत्या ती भेग चाटत बसायचा. अगदी मन लावून, डोळे अर्धवट मिटून, एका लयीत. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेले होते आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नव्हते; उलट, मुक्या प्राण्याला किती कळते, असे आलेले पाहुणेही म्हणत. ही समजूत फार जुनी आहे. ग्रीसमधल्या एपिडॉरस इथे अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे स्थान होते. तिथल्या शिलालेखांत, मंदिरातल्या कुत्र्याने चाटल्यामुळे एका मुलाच्या मानेवरची गाठ बरी झाल्याची नोंद आहे, आणि ती ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली आहे. काकांना हे ठाऊक नव्हते, पण त्यांचा विश्वास त्याच घराण्यातला होता.

एका सकाळी त्यांचे पाऊल घोट्यापर्यंत लाल आणि गरम झाले होते. अंगात ताप होता. डॉक्टरीणबाईंनी पाय मांडीवर घेतल्यासारखा जवळ घेतला, भेग पाहिली आणि विचारले, “काका, इथे काही लावत होतात का? मलम, तेल, काही?”

“काही नाही. कुणी हातसुद्धा लावलेला नाही,” काका म्हणाले.

काकू मागे उभ्या होत्या. “कुणी नाही काय म्हणता? मोत्या चाटत बसतो ना रोज!”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी खणातून एक लहानशी दांडी काढली. तिच्या टोकाला आडवा, माशाच्या गळाला असतो तसा नायलॉनचा ताठ धागा होता. तो तळव्यावर टेकवून जरासा वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. त्यांनी काकांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, “मी धागा लावला की ‘हो’ म्हणा.” मग अंगठ्याखाली, करंगळीखाली, चवड्यावर, टाचेवर, असे करत त्या धागा टेकवत गेल्या. मी मोजत होतो. सात वेळा झाले तेव्हा काका डोळे न उघडता म्हणाले, “करा ना सुरू. मी तयार आहे.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. पुन्हा एकदा, या वेळी पोटरीवर, धागा टेकला आणि काका लगेच “हो” म्हणाले.

मधुमेहात तळपायाच्या नसा हळूहळू मंद होत जातात, हे वाचायला सोपे आहे. मोत्याची जीभ त्या भेगेत फिरत असताना काकांना ती जाणवतच नव्हती, हे मला त्या खोलीत कळले. त्यांना सुख वाटत होते ते पायावर टेकलेल्या त्याच्या मानेच्या वजनाचे आणि उबेचे असावे. ज्या वेदनेने पाय मागे घेतला जातो ती वेदना तिथे शिल्लक नव्हती, रक्तपुरवठा उणावलेला होता, साखर चढलेली होती, आणि भेग रोज संध्याकाळी ओली होत होती. जंतूंना याहून अधिक काय लागते?

कुत्र्याच्या लाळेविषयी निष्पक्षपणे बोलायचे तर, तिच्यातही मारक गुण आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूला आणि कुत्र्यांत आढळणाऱ्या एका स्ट्रेप्टोकोकसला मारते, असे दिसले होते. हेच दोन जंतू नवजात पिलांना मारक ठरतात, त्यामुळे कुत्री स्वतःला आणि पिलांना चाटते त्याला अर्थ आहे. पण कातडीच्या जखमा पिकवणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर त्याच लाळेचा फारसा प्रभाव पडला नाही. निसर्गाने ही तजवीज पिलांसाठी केली होती. काकांच्या टाचेचा विचार तीत नव्हता.

कुत्र्या-मांजरांच्या तोंडात राहणारा पाश्चरेला हा जंतू जखमेत शिरला तर फार वेळ घेत नाही. बहुधा एका दिवसाच्या आतच लाली, सूज आणि ठणका सुरू होतो. काकांच्या पायातून निघालेल्या पुवात तोच सापडला. मांजरांच्या तोंडात तो कुत्र्यांपेक्षाही अधिक वेळा आढळतो, हे मांजर पाळणाऱ्यांसाठी जाता जाता सांगून ठेवतो. त्यांचा स्वभाव पाहता ते मनावर घेणार नाहीत. काकांना आठ दिवस शिरेतून औषधे द्यावी लागली, भेगेभोवतीची मेलेली कातडी कापून काढावी लागली, आणि पाय वाचला. त्या आठ दिवसांत, रात्री त्यांच्या खाटेशेजारी बसून, मी दुसऱ्या एका जंतूविषयी वाचले आणि ते वाचन मी घरात कोणाला सांगितले नाही.

त्याचे नाव कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस. त्याची पहिली नोंद १९७६ सालची आणि आजचे नाव १९८९ सालचे. ‘कॅनिमॉर्सस’चा लॅटिनमधला अर्थ कुत्र्याचा चावा असा आहे, पण नावावर जाऊ नये, चाटणेही त्याला पुरते. बऱ्याच निरोगी कुत्र्यांच्या तोंडात तो असतो आणि बहुतेक माणसांना तो काहीही करत नाही. मात्र ज्यांची प्लीहा काढलेली आहे, जे फार मद्यपान करतात किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी अथवा आजाराने उतरलेली आहे, त्यांच्या रक्तात तो शिरला तर एक-दोन दिवसांत रक्तदाब कोसळतो, कातडीवर जांभळे चट्टे उठतात, आणि बोटांची टोके काळी पडू लागतात. प्लीहा ही रक्तातले असले जंतू गाळून काढणारी चाळणी असते. ती नसलेल्या माणसाला एरवी हिंडता-फिरताना काही उणे भासत नाही, म्हणून तो आपण धोक्यातले आहोत हे विसरतो. प्रयोगशाळेत हा जंतू फार सावकाश वाढतो आणि तपासणीचा निकाल यायला दिवस लागतात, त्यामुळे कुत्र्याची हकिगत रुग्णाने किंवा नातेवाइकांनी आपणहून सांगणे हाच निदानाचा जवळचा रस्ता ठरतो. २०१९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा एका माणसाविषयी लिहिले, ज्याला यातला कोणताच ठरलेला दोष नव्हता. त्याच्या कुत्र्याने त्याला चावलेही नव्हते, नुसते चाटले होते. तो वाचला नाही. असे क्वचित घडते, फार क्वचित. घरोघरी कुत्री माणसांना चाटतात आणि काही होत नाही. पण त्या खाटेशेजारी बसून ‘क्वचित’ हा शब्द मला पुरेसा आधार देत नव्हता.

पुढच्या वर्षी मोत्याच्याच पोटावर एक गाठ काढावी लागली आणि नाटकातली पात्रे बदलली. पशुवैद्यांनी त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा घातला आणि तो दहा दिवस काढायचा नाही असे बजावले. काकूंना त्याची दया आली. पाणी पिताना तो नरसाळा भांड्यावर आपटायचा, दारातून जाताना चौकटीत अडकायचा, आणि मग मोत्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी काकूंनी तासाभरासाठी तो काढला. तेवढ्या वेळात त्याने दोन टाके चाटून उसवले. जखमेच्या कडा फाकल्या होत्या आणि आतला गुलाबी भाग दिसत होता. पशुवैद्य म्हणाले की, हे त्यांना दर आठवड्याला पाहावे लागते. कुत्र्याची जीभ खरखरीत नसली तरी जोरकस असते. ती घाण काढते तशी नव्याने धरलेली कातडीही काढते, आणि काही कुत्री पुढच्या पायाची एकच जागा महिनोन्‌महिने चाटून तिथे जाड, केस झडलेला, न भरणारा व्रण स्वतःच तयार करतात. रानातल्या प्राण्याला जिभेवाचून दुसरे साधन नसते. जखमेतली माती, काटे, सुकलेले रक्त काढायला पाणी नाही, हात नाहीत. अशा वेळी चाटणे हा तोट्याचा सौदा नसावा. मोत्याला मात्र टाके घातलेले होते आणि जखम आधीच स्वच्छ केलेली होती. त्याची जीभ तिथे आता नुकसानच करणार होती, आणि हे त्याला समजावण्याचा नरसाळ्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

रेबीजचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, कारण तिथे जखम चिघळत नाही, पू होत नाही, आणि म्हणूनच माणूस बेसावध राहतो. कुत्रा चावला तर लस घ्यायची हे सर्वांना माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत धड, न फुटलेल्या कातडीला कुत्र्याने चाटणे हे पहिल्या वर्गात येते, आणि त्याला धुण्यापलीकडे काही लागत नाही; तेच चाटणे फुटलेल्या कातडीवर किंवा डोळे, ओठ यांसारख्या ओल्या भागावर झाले, तर ते सरळ तिसऱ्या वर्गात, म्हणजे रक्त काढणाऱ्या चाव्याच्या पंक्तीत जाऊन बसते. चाटण्याला मधली पायरीच नाही. त्यावर उपाय एकच: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लगोलग लस सुरू करणे, आणि जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देणे. या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते आणि साबण ते फोडतो. पंधरा मिनिटांचा आग्रह त्यासाठी असतो. घड्याळ लावून एकदा हात धुऊन पाहावे, म्हणजे ती पंधरा मिनिटे किती लांब असतात ते कळते. विषाणू नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि मेंदूतून परत लाळग्रंथींत उतरतो. कुत्र्यात तो लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत आलेला असू शकतो, त्यामुळे कुत्रा धडधाकट दिसत होता या म्हणण्याला त्या दिवशी किंमत नसते. संशयास्पद कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवतात ते याच कारणासाठी, पण तोवर माणसाचे उपचार थांबवून ठेवत नाहीत. लक्षणे सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कुत्र्याकडून झालेला असतो.

काकांच्या पायाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हाही प्रश्न विचारला होता, आणि मोत्याच्या लसीचा कागद पाहिल्याशिवाय त्यांनी तो सोडला नाही. कागद सापडायला काकूंना पूर्ण दुपार लागली. काका त्या दुपारी खाटेवर पडल्या पडल्या दोनदा म्हणाले, “अगं, घरचाच तर कुत्रा आहे.” घरच्या कुत्र्यालाही लस वेळेवर दिलेली असावी लागते, हे त्यांना पटत नव्हते असे नाही, मोत्यावर कोणी संशय घ्यावा, हे त्यांना बघवत नव्हते.

माझ्या बोटाची चीर नंतर मी नळाखाली धरली, साबण लावला, रक्त थांबेपर्यंत दाबून ठेवले आणि पट्टी बांधली. स्वच्छ, पिण्याजोगे नळाचे पाणी साध्या जखमा धुवायला चालते, त्याने संसर्ग वाढत नाही, असे त्यावरचे अभ्यास सांगतात. चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिथे एक केसाएवढी रेघ उरली होती. जीभ त्या आधी लागून गेली होती याचा काही मागमूस नव्हता. बहुतेक वेळा नसतोच, आणि म्हणूनच ही सवय इतकी वर्षे टिकली असावी.

काका आता संध्याकाळी मोजे घालून बसतात. मोत्या मोज्यावरूनच चाटतो, मग कंटाळतो आणि पावलावर हनुवटी टेकून झोपतो. त्यांच्या खुर्चीमागे जी दिनदर्शिका लटकते तिच्यावर काकूंनी लाल शाईने दोन तारखांना गोल केले आहेत. एकीवर ‘साखर’ असे लिहिले आहे आणि दुसरीवर ‘मोत्या, लस’.